एच. पायलोरी: श्वास, शौच, रक्त की तुकडा? तपासण्यांची तुलना

पेट्रीपात्र

एच. पायलोरी या जठरात राहणाऱ्या जंतूच्या तपासण्यांची तुलना करणारे तक्ते जालावर पोत्याने सापडतात. श्वासचाचणी ९५ टक्के, शौचातले अँटिजेन (जंतूची प्रथिने) ९४ टक्के, दुर्बिणीतून काढलेल्या जठराच्या अस्तराच्या तुकड्यावरची युरिएज ९० टक्के. असे आकडे शेजारी शेजारी पाहिले की वाटते, काय फरक पडतो, जवळ असेल ती करून टाकू. गोम अशी आहे की हे आकडे ज्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्या ठरल्या वेळी बंद केल्या, अलीकडे अँटिबायोटिक घेतले नाही आणि ज्यांच्या पोटात रक्तस्राव नव्हता, अशा लोकांवरचे आहेत. आपल्याकडे तपासणीला येणाऱ्यांपैकी बरेच जण सकाळी उपाशीपोटी पॅन-डी घेऊनच निघालेले असतात.

म्हणून टक्के बघण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, प्रश्न 'जंतू आहे का' हा आहे की 'औषधाने गेला का' हा? दुसरी, गेल्या महिनाभरात पोटात कोणकोणती औषधे गेली? तपासणी कुठली करायची हे या दोन उत्तरांवरून जवळजवळ ठरते.

थोडे मूळ. आम्लात टिकून राहण्यासाठी हा जंतू युरिएज नावाचे विकर प्रचंड प्रमाणात बनवतो. युरिया फोडून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो आणि अमोनियाचे कवच अंगाभोवती ठेवतो. अमोनिया पकडला की झाली तुकड्यावरची युरिएज चाचणी, कार्बन डायऑक्साइड पकडला की झाली श्वासचाचणी. युरिया आत घेणारी जंतूची झडप मात्र भोवती आम्ल असले तरच उघडते, साधारण साडेसहाच्या खाली पीएच गेल्यावर. पीपीआय गोळ्यांनी, म्हणजे आम्ल बनणेच रोखणाऱ्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी, आम्ल आटले की झडप मिटते आणि जंतूंची संख्याही घटते. जंतू पोटात हजर, पण तपासणीत गैरहजर, असा प्रकार होतो तो इथे.

ज्यांचा ज्या तपासणीशी रोजचा संबंध आहे त्यांनी त्यावर लिहावे. उपचारांची चर्चा इथे नको, तो वेगळा धागा होईल.

दुर्बीणवाले

तुकड्यावरच्या युरिएज चाचणीपासून सुरुवात करतो, कारण एंडोस्कोपीच्या खोलीत रोज दिसणारी हीच.

युरिया आणि फिनॉल रेड असलेली पिवळी जेली किंवा कोरडी पट्टी असते. तुकडा त्यात पूर्ण बुडेल असा दाबायचा. वर नुसता ठेवला तर अमोनिया हवेत जातो आणि रंग उशिरा येतो. फिनॉल रेड ६.८ पीएचच्या खाली पिवळे असते आणि ८.२ च्या वर गडद गुलाबी. जंतू भरपूर असतील तर आधी तुकड्याच्या कडेला नारिंगी वलय दिसते, मग ते पसरत सगळी खाच गुलाबी होते. चांगल्या नमुन्यात हे अर्ध्या तासात होते. वाचन ३० मिनिटे, १ तास, ३ तास आणि शेवटचे २४ तासांनी. त्यानंतर दिसलेला रंग धरायचा नाही, कारण प्रोटियस, क्लेब्सिएला असे इतर जंतूही युरिएज बनवतात आणि आम्ल कमी असलेल्या पोटात ते आरामात राहतात.

काही ठिकाणी अजून घरचा द्राव वापरतात: १ मिली १० टक्के युरिया, तोही बफर (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) नसलेल्या शुद्ध पाण्यात, आणि १ टक्का फिनॉल रेडचे दोन थेंब. स्वस्त आणि झटपट, मिनिटाभरातही रंग येतो. पण बफर नसल्यामुळे तो फार नाजूक. पाणी जरा अल्कधर्मी असले की तुकडा न टाकताच गुलाबी. आदल्या आठवड्याची बाटली तर वापरूच नये, युरिया आपोआप फुटत राहतो. शेजारी एक कुपी तुकड्याविना ठेवली की द्राव खोटे बोलतोय का ते लगेच कळते.

चुका कुठे होतात:

तुकडा अल्सरच्या तळातून घेतला. तिथे मेलेली पेशीजालेच जास्त, जंतू कमी. तुकडा पायलोरसपासून, म्हणजे जठर जिथे आतड्यात उघडते तिथून, २ ते ३ सेंमीवरच्या चांगल्या दिसणाऱ्या अस्तरातून घ्यायचा.

फक्त अँट्रममधून, म्हणजे जठराच्या खालच्या भागातून, घेतला आणि रुग्ण पीपीआयवर. आम्ल कमी झाले की जंतू खालच्या भागातून वर, जठराच्या मुख्य भागाकडे सरकतात. म्हणून एक तुकडा अँट्रमचा आणि एक वरच्या भागाचा, दोन्ही एकाच खाचेत टाकले तरी चालतात.

चिमटा आधी फॉर्मालिनच्या बाटलीत बुडाला आणि त्याच चिमट्याने युरिएजचा तुकडा काढला. फॉर्मालिनच्या अंशानेही विकर निकामी होते. क्रम कायम एकच ठेवावा: आधी युरिएज, मग फॉर्मालिन.

पोटात ताजे रक्त. रक्तातली प्रथिने बफरचे काम करतात, रंग बदलत नाही. रक्तस्राव होत असताना निगेटिव्ह आलेली युरिएज चाचणी म्हणजे 'अजून माहीत नाही' असेच समजायचे आणि पुढे दुसरी तपासणी करायची.

आणि जेली फ्रिजमधून काढल्या काढल्या वापरणे. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, थंडीत विकर सुस्त असते.

काचपट्टी

चांगले लिहिले आहे. एक भर: युरिएज चाचणी रंगायला तुकड्यात साधारण दहा हजार ते लाखभर जंतू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याहून खूप कमी असले तरी सापडतात, शोधणाऱ्याला चिकाटी असेल तर.

हिस्टॉलॉजीसाठी, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी, सिडनी पद्धतीत पाच तुकडे सांगितले आहेत. १९९० ची मूळ पद्धत १९९४ मध्ये ह्यूस्टनला सुधारली गेली. दोन अँट्रमचे, एक इनसिसुराचा, म्हणजे जठर जिथे वळते त्या कोपऱ्याचा, आणि दोन वरच्या भागाचे. प्रत्यक्षात एका बाटलीत दोनच तुकडे येतात आणि फॉर्मवर 'जठर' एवढाच शब्द. मग अहवाल तरी काय सांगणार? अँट्रम आणि वरचा भाग निदान वेगवेगळ्या बाटल्यांत द्या, फॉर्मालिन १० टक्के आणि तुकड्याच्या दहापट तरी द्या. फॉर्मवर पीपीआय चालू आहे की नाही हे एका ओळीत लिहा. त्या एका ओळीने अहवाल बदलू शकतो.

नेहमीच्या एच अँड ई रंगात जंतू फिकट गुलाबी, श्लेष्म्यात लपलेले. गिम्सा केला की निळे दिसतात, स्वस्त आणि पुरेसा. वॉर्थिन-स्टारी चांदीचा रंग, जंतू पिवळ्या पार्श्वभूमीवर काळे. सुंदर दिसतो पण करायला किचकट आणि कचराही तितकाच काळा दिसतो. जंतू कमी असतील किंवा पीपीआयमुळे सर्पिल आकार सोडून गोल झाले असतील तेव्हा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रतिपिंडे वापरून फक्त हा जंतू रंगवणे) करावी, गोल जंतू आणि कण यांतला फरक तिथे कळतो.

सूक्ष्मदर्शकाचा खरा फायदा जंतू दिसण्यापलीकडे आहे. अस्तरात न्यूट्रोफिल (दाह दाखवणाऱ्या पांढऱ्या पेशी) घुसलेले दिसले आणि जंतू दिसला नाही, तर मी 'निगेटिव्ह' म्हणून मोकळी होत नाही, वरच्या भागाचा तुकडा पुन्हा बघते. शिवाय ॲट्रोफी, म्हणजे अस्तर झिजणे, आणि आतड्यासारखे बदल फक्त इथेच कळतात. श्वासचाचणीला कर्करोगाच्या आधीच्या पायऱ्या दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, १९९४ मध्ये या जंतूला पहिल्या गटातला कर्ककारक ठरवले आहे, हे लक्षात ठेवून बोलते आहे.

प्रश्नचिन्ह

दुर्बीण न टाकता भागत असेल तर कशाला टाकायची? श्वासचाचणी आणि शौचचाचणी यांत कुठली? आणि श्वासचाचणीत किरणोत्सर्ग असतो हे खरे का?

दुर्बीणवाले

आधी पहिल्या प्रश्नाचे. काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे, विनाकारण वजन उतरणे, रक्त कमी होणे, सतत उलट्या, किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेला त्रास यांपैकी काही असेल तर दुर्बीण टाकावीच लागते, तिथे श्वासचाचणीचा खेळ नको. बिस्मथ आणि लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते ठरवायचे काम डॉक्टरांचे. यातले काही नसेल तर फुंकून किंवा शौचावरून चालते.

अर्धायुष्य

श्वासचाचणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिच्याबद्दल गैरसमज जास्त.

दोन प्रकार आहेत. एकात युरियातला कार्बन १३ वजनाचा, दुसऱ्यात १४ वजनाचा. कार्बन-१३ स्थिर आहे, किरणोत्सर्ग शून्य. निसर्गातल्या कार्बनमध्ये तो सुमारे १.१ टक्का असतोच. कार्बन-१४ किरणोत्सर्गी आहे, पण मात्रा १ मायक्रोक्युरी, म्हणजे ३७ किलोबेकरेल, आणि शरीराला मिळणारा डोस सुमारे ३ मायक्रोसीव्हर्ट. आपण सगळे निसर्गातून दिवसाभरात घेतो त्याहून तो जास्त नाही. तरी गरोदर बाई आणि मुले यांना कार्बन-१३ च द्यावा. एवढ्याशा मात्रेची भीती नाही, पण बिनकिरणांचा पर्याय समोर असताना दुसरा घेण्याला कारण नाही.

कार्बन-१३ ची रीत अशी. रात्रीपासून किंवा निदान सहा तास उपाशी. तंबाखू, सिगरेट नको. चूळ भरायची, कारण तोंडातल्या जंतूंकडेही युरिएज असते. पहिली पिशवी फुंकायची, ती 'शून्य' पिशवी. मग सायट्रिक आम्लाचे पेय, साधारण २०० मिली, आणि त्याबरोबर ७५ मिग्रॅ युरिया. काही किटमध्ये ५० मिग्रॅ असतो. सायट्रिक आम्ल चवीसाठी दिलेले नाही. त्याने जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आणि वर सांगितलेली झडप उघडते. ते टाळून साध्या पाण्यात युरिया दिला तर काठावरचे रुग्ण निसटतात. अर्धा तास बसून राहायचे, फिरायचे नाही. मग दुसरी पिशवी.

फुंकण्याची पद्धत महत्त्वाची. श्वास घ्या, थोडा धरा, सुरुवातीचा भाग बाहेर सोडा आणि शेवटचा भाग पिशवीत भरा. सुरुवातीचा श्वास तोंडातली आणि श्वासनलिकेतली हवा असते, तिच्यात कार्बन डायऑक्साइड कमी. घाबरून फू-फू करणाऱ्या माणसाची पिशवी फुगते छान, पण यंत्र नमुना नाकारते.

निकाल डीओबी या आकड्यात येतो: दुसऱ्या पिशवीतले कार्बन-१३ चे प्रमाण पहिलीपेक्षा हजारात किती वाढले. बहुतेक ठिकाणी ४ च्या वर पॉझिटिव्ह धरतात. २ ते ५ हा राखाडी पट्टा. तिथला निकाल कुठल्याही बाजूने छातीठोक सांगू नये, आठवड्याने किंवा वेगळ्या पद्धतीने पुन्हा करावा. पॉझिटिव्ह माणसांचे आकडे सहसा १० च्या बरेच पुढे असतात, त्यामुळे या पट्ट्यात फार थोडे जण अडकतात. ज्या अहवालात आकडा न देता फक्त 'निगेटिव्ह' छापलेय, तिथे आकडा मागून घ्या. ०.३ चा निगेटिव्ह आणि ३.६ चा निगेटिव्ह यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, विशेषतः गोळ्या चालू असताना.

डीओबी उणे १८ असा काही आला तर घाबरू नका. दोन पिशव्यांची लेबले उलटी लागली आहेत.

कार्बन-१४ ची रीत: कॅप्सूल पाण्याबरोबर अखंड गिळायची. चावली तर तोंडातले जंतू तिथेच युरिया फोडतात आणि खोटा पॉझिटिव्ह येतो. सुमारे १० मिनिटांनी श्वासाचा नमुना घ्यायचा. जुन्या पद्धतीत नळीने एका द्रावात फुंकतात. द्राव अल्कधर्मी असतो आणि त्यात सूचक असतो: फिनॉल्फ्थॅलिन असेल तर गुलाबी, थायमॉल्फ्थॅलिन असेल तर निळा. ठरावीक कार्बन डायऑक्साइड, बहुधा १ मिलिमोल, शोषला गेला की रंग उडतो आणि फुंकणे थांबवायचे. निळा द्राव एकदम रंगहीन होत नाही. आधी ढगाळ आकाशासारखा फिकटतो आणि शेवटच्या दोन-तीन फुंकरींत स्वच्छ होतो. त्या दोन-तीन फुंकरींआधी थांबलात तर मोजणी कमी येते. द्राव दाहक आहे, म्हणून नळीला उलट न येऊ देणारी झडप हवी आणि रुग्णाला स्पष्ट सांगायला हवे की ओढायचे नाही, फुंकायचे.

जठराचा भाग कापून काढलेला असेल तर दोन्ही प्रकार बेभरवशाचे, युरिया थांबतच नाही.

सुगरण

उपास करायचा तर आदल्या दिवशीच्या जेवणाचा काही संबंध?

अर्धायुष्य

मस्त प्रश्न, आणि आपल्याकडे फार लागू. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ही सी-४ गटातली पिके. ती हवेतला कार्बन ज्या मार्गाने बांधतात त्यात कार्बन-१३ थोडा जास्त राहतो. भात आणि गहू सी-३ गटातले, त्यांत कमी. फरक हजारात सुमारे १४ चा आहे, आणि आपण ४ चा उंबरठा मोजतोय! त्यामुळे भाकरी खाणाऱ्याचा श्वास मुळातच चपाती-भात खाणाऱ्यापेक्षा 'जड' असू शकतो. पहिली पिशवी घेतात ती याचसाठी: ज्याचा त्याचा पाया वजा होतो.

अडचण येते ती पाया मधेच हलला तर. शून्य पिशवी दिल्यावर 'उपाशी बसवत नाही' म्हणून गुळाचा चहा किंवा उसाचा रस घेतला तर त्यातला कार्बन अर्ध्या तासात श्वासात येऊ शकतो आणि डीओबी फुगतो. मक्याच्या पोह्यांचेही तेच. म्हणजे रात्री भाकरी खुशाल खा, सकाळी दोन पिशव्यांच्या मधे किटमधल्या पेयाशिवाय काही नको.

सुगरण

ज्वारीचा श्वास जड असतो हे सासूबाईंना सांगायला हवे. :)

खलबत्ता

औषधांचे वेळापत्रक देतो. तपासणी फसते ती नव्वद टक्के वेळा इथे. (हा आकडा बोलण्यातला आहे, संशोधनातला नाही, टक्केवारी यांनी अंगावर येऊ नये.)

पीपीआय, म्हणजे ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, एसोमेप्राझोल: १४ दिवस बंद. नवीन आलेले व्होनोप्राझान वेगळ्या रीतीने आम्ल दाबते, पण नियम तोच. अँटिबायोटिक कुठलेही, दातासाठी घेतलेले असो की लघवीच्या जंतुसंसर्गासाठी: ४ आठवडे. बिस्मथ: ४ आठवडे.

१४ दिवस का, सात का नाही? लॅन्सोप्राझोल चालू असताना श्वासचाचणी केली तेव्हा सुमारे एक तृतीयांश खरे पॉझिटिव्ह निगेटिव्ह दिसले. गोळी थांबवल्यावर तीन दिवसांत बहुतेक परत आले, आठवड्यात जवळजवळ सगळे, आणि १४ दिवसांत सगळे. आठवड्यावर भागवणे हा अगदीच वेडेपणा नाही, पण शेवटच्या दोन-तीन टक्क्यांसाठी १४ म्हणतात.

रुग्ण फसतात ते नावाने. 'ॲसिडिटीची गोळी बंद केली' म्हणतात, पण सांध्यांच्या गोळीबरोबर दिलेली कॅप्सूल चालूच असते, कारण ती त्यांच्या लेखी 'गुडघ्याची'. पॅन, ओमेझ, राझो, रॅबलेट ही सगळी पीपीआय; नावाच्या शेवटी डी किंवा डीएसआर असले तरी आत पीपीआयच. पट्टीवरचे बारीक अक्षर वाचा, शेवटी 'प्राझोल' असेल तर ती बंद. बंद करण्याआधी मात्र लिहून देणाऱ्याला विचारा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या आणि पूर्वी अल्सर फुटलेल्या माणसाने परस्पर पीपीआय थांबवणे धोक्याचे आहे.

मधल्या पंधरा दिवसांत जळजळ उसळते, कारण दाबलेले आम्ल उलटून येते. तेव्हा जेल्युसिल, डायजीनसारखी पातळ अँटॅसिड चालतात. फॅमोटिडीनही चालते, त्याचा सायट्रिक आम्लाच्या चाचणीवर परिणाम नगण्य. तरी आदल्या दिवशी थांबवावे.

एक बाजू विसरू नका: गोळ्या चालू असताना निगेटिव्ह आलेला निकाल कुचकामी, पण पॉझिटिव्ह आलेला सहसा खरा. तो फेकून देऊन पुन्हा पैसे घालवायची गरज नसते.

पेट्रीपात्र

शौचातल्या अँटिजेनचे मी लिहितो. घरी नमुना घेता येतो, लहान मुलांना चालते, फुंकायची कसरत नाही. प्रयोगशाळेतली एलायसा (प्रतिपिंडांनी अँटिजेन पकडणारी चाचणी), तीही मोनोक्लोनल, म्हणजे एकाच प्रकारच्या प्रतिपिंडांची, श्वासचाचणीच्या तोडीस तोड आहे: ९४ टक्के संवेदनशीलता (बाधितांपैकी इतके पकडते), ९७ टक्के विशिष्टता (जंतू नसलेल्यांपैकी इतक्यांना निगेटिव्ह सांगते). पॉलिक्लोनल, म्हणजे मिश्र प्रतिपिंडांची, जुनी, विशेषतः उपचारानंतर दगा देते. पट्टीसारखे कार्ड, ज्यात दोन थेंब टाकून दोन रेघा बघायच्या, ते सोयीचे पण दर्जा कंपनीगणिक बदलतो. नमुना देण्याआधी विचारा: 'एलायसा की कार्ड?'

नमुना वाटाण्याएवढा पुरतो. त्यात लघवी आणि कमोडचे पाणी मिसळू नये. पाण्यासारखे जुलाब असताना देऊ नका, अँटिजेन पातळ होऊन निकाल खोटा निगेटिव्ह येतो. लगेच पोचवता येत नसेल तर २ ते ८ अंशांवर, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, तीन दिवसांपर्यंत. त्याहून जास्त थांबायचे तर उणे २० अंश. एप्रिलच्या उन्हात डबी स्कूटरच्या डिकीत ठेवून दिवसभर फिरवली तर अँटिजेन मोडते.

कार्ड वापरणाऱ्यांची नेहमीची चूक: जास्त नमुना. घट्ट द्राव पट्टीवर चढत नाही, नियंत्रणाची रेघही (कार्ड चालले हे दाखवणारी) उमटत नाही. दुसरी चूक, अर्ध्या तासाने पुन्हा बघणे. १० किंवा १५ मिनिटे, किटमध्ये जे लिहिलेय ते; नंतर उगवलेली पुसट रेघ मोजायची नाही. वेळेत उगवलेली पुसट रेघ मात्र पॉझिटिव्हच.

पीपीआयचा नियम इथेही तोच. 'शौचाची तपासणी आहे, पोटातल्या गोळीचा काय संबंध' हे मी इतक्या वेळा ऐकले आहे! जंतू कमी झाले की अँटिजेनही कमी.

टक्केवारी

खलबत्ता, माफ केले.

रक्तातल्या प्रतिपिंडांबद्दल लिहायला हवे, कारण आरोग्यतपासणीच्या पॅकेजमध्ये हीच तपासणी सर्रास असते. आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार) पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने कधीतरी हा जंतू पाहिला आहे. आज आहे की दहा वर्षांपूर्वी होता, ते त्यातून कळत नाही. भारतात प्रौढांपैकी अर्ध्याहून जास्त लोकांत हा जंतू आढळतो, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही.

गणित करू. शंभर लोक, साठ जणांत जंतू. आयजीजीची संवेदनशीलता ८५, विशिष्टता ७९ धरा. साठपैकी ५१ पकडले, ९ निसटले. चाळीस निरोगी लोकांपैकी ८ जणांना खोटा पॉझिटिव्ह. म्हणजे ५९ पॉझिटिव्हपैकी ८ जणांना चौदा दिवसांची अँटिबायोटिके विनाकारण. आणि ज्यांचा अहवाल निगेटिव्ह आला त्या ४१ जणांपैकी ९ जण जंतू घेऊन निश्चिंत घरी.

आता उपचारानंतरचा प्रश्न घ्या, 'गेला का'. शंभर उपचार झालेले, ८५ बरे, १५ अजून बाधित. चांगली श्वासचाचणी, ९५ आणि ९५: पंधरापैकी १४ सापडतात, पंच्याऐंशींपैकी ४ जणांना खोटा पॉझिटिव्ह. तीच चाचणी पीपीआय चालू ठेवून केली आणि एक तृतीयांश निसटले, तर पंधरापैकी पाच जणांना 'बरे झालात' असे सांगून घरी पाठवले. आणि आयजीजी केली तर? बरे झालेल्या ८५ पैकी बहुतेकांची अजून पॉझिटिव्हच, कारण प्रतिपिंडे उतरायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. उपचारानंतर आयजीजी करणे म्हणजे पाऊस थांबला का हे रस्ता ओला आहे का यावरून ठरवणे.

आयजीएम आणि आयजीए या इतर प्रकारच्या प्रतिपिंडांच्या तपासण्या तर पैसे वाया.

काचपट्टी

@टक्केवारी, बहुतांशी सहमत, पण आयजीजीला अगदी मोडीत काढू नका. पोटात रक्तस्राव चालू आहे, पीपीआय थांबवता येत नाही, तुकडा निगेटिव्ह. किंवा ॲट्रोफी इतकी वाढली आहे की जंतूंची संख्याच घटली. किंवा माल्ट लिम्फोमा, म्हणजे जठराच्या अस्तरातल्या लसिका पेशींचा कर्करोग. अशा वेळी युरिएज, श्वास, शौच सगळे गडबडतात आणि आयजीजीवर गोळ्यांचा परिणाम होत नाही. या आधी कधीच उपचार न घेतलेल्या अल्सरच्या रुग्णात ती पॉझिटिव्ह आली तर मी तिला वजन देते.

टक्केवारी

मान्य, एका अटीवर. अल्सरच्या रुग्णात जंतू असण्याची शक्यता आधीच जास्त, म्हणून तिथे पॉझिटिव्हला अर्थ आहे. माझा राग आहे तो काहीच त्रास नसलेल्या माणसाच्या 'फुल बॉडी' पॅकेजमधल्या आयजीजीवर.

दुर्बीणवाले

+१. आणि ती चिठ्ठी घेऊन घरातल्या चौघांना तपासायला आणतात.

प्रश्नचिन्ह

कल्चर, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणे, कुणी करतच नाही का? बाकी सगळ्या जंतूंचे करतात.

पेट्रीपात्र

करतात, पण थोड्या ठिकाणी, कारण हा जंतू नखरेल आहे. त्याला ऑक्सिजन फक्त ५ टक्के लागतो, कार्बन डायऑक्साइड १० टक्के, बाकी नायट्रोजन. ३७ अंश, भरपूर दमटपणा, रक्त घातलेले माध्यम आणि इतर जंतू दाबायला व्हॅन्कोमायसिन, ट्रायमेथोप्रिमसारखी औषधे. वसाहती दिसायला तीन ते सात दिवस, कधी दहा. दिसतात त्याही टाचणीच्या टोकाएवढ्या, पारदर्शक. प्लेट तिरकी धरून उजेडात बघावी लागते.

१९८२ मध्ये पर्थला मार्शल आणि वॉरन यांच्या प्लेटा याच कारणाने रिकाम्या निघत होत्या: दोन दिवसांत काही दिसले नाही की फेकून देत. ईस्टरच्या जोडून आलेल्या सुट्टीत प्लेटा पाच दिवस तशाच इनक्युबेटरमध्ये राहिल्या आणि वसाहती उगवल्या. त्याच मार्शल यांनी पुढे जेलीची युरिएज चाचणी आणली. दोघांना नोबेल मिळाले २००५ मध्ये.

तुकडा सलाइनमध्ये असेल तर काही तासांत पेरायला हवा, खास वाहतूक माध्यमात ४ अंशांवर २४ तास टिकतो, त्यापुढे उणे ७० अंश. कोरडा पडला की संपला. फॉर्मालिनमध्ये टाकलेल्या तुकड्याचे कल्चर होत नाही, हे लिहायची खरे तर गरज नसावी, पण तसे नमुने येतात.

कल्चर कशाला हवे, तर औषधांची संवेदनक्षमता कळते. उपचार दोनदा फसले असतील तर ते किंवा जनुकीय चाचणी करावी. क्लॅरिथ्रोमायसिनचा प्रतिकार २३एस आरआरएनए या जंतूच्या जनुकातल्या मोजक्या बदलांनी येतो, २१४२ आणि २१४३ या जागांवर, त्यामुळे पीसीआरने तुकड्यावर, काही ठिकाणी शौचावरही, दिवसात कळतो. मेट्रोनिडाझोलचे तसे सरळ नाही, तिथे कल्चरच. शिवाय आपल्याकडे जुलाबासाठी ते इतके खाल्ले गेले आहे की प्रतिकार गृहीत धरूनच चालतात. पीसीआर मेलेल्या जंतूचा डीएनएही पकडते, म्हणून उपचारानंतर लगेच केलेली पॉझिटिव्ह पीसीआर फार मनावर घेऊ नये.

प्रश्नचिन्ह

एक शेवटचे, तारखांचे. समजा चौदा दिवसांचा कोर्स १ मार्चला संपला. जठरात अल्सर होता म्हणून पीपीआय पुढे चार आठवडे चालू ठेवायला सांगितले. 'गेला का' ही तपासणी कधी? एका ठिकाणी ३० मार्च लिहून दिले आहे.

खलबत्ता

अँटिबायोटिकचे चार आठवडे २९ मार्चला भरतात, तिथपर्यंत बरोबर. पण पीपीआयही २९ लाच संपतेय. तिथून १४ दिवस मोजा: १२ एप्रिल. ३० मार्चला केली आणि निगेटिव्ह आली तर तिला काही किंमत नाही. चार आठवडे ही किमान मर्यादा आहे, सहा ते आठ असतील तर उत्तम. उशीर झाल्याने निकाल बिघडत नाही.

दुर्बीणवाले

अल्सर जठरातला आहे ना, आतड्याच्या सुरुवातीचा नाही? मग तो भरला का आणि त्यात आणखी काही लपले नाही ना हे बघायला आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण टाकावी लागणारच. ती एप्रिलअखेर किंवा मेमध्ये येईल. त्याच वेळी अँट्रमचा आणि वरच्या भागाचा तुकडा घेता येतो, वेगळी श्वासचाचणी कशाला? फक्त त्या दिवसाआधी पीपीआय १४ दिवस बंद आहे ना, हे दुर्बिणीची तारीख देणाऱ्यांना आजच विचारून ठेवा. ते सहसा फक्त 'रात्रीपासून उपाशी या' एवढेच सांगतात.

काचपट्टी

आणि दोन बाटल्या.